भोक पाडायला इंजिनिअर कशाला?

आधीच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलता येतं, वाचता येतं, पण लिहायला बसले की र्‍हस्व-दीर्घाची बोंब. तरीही हा लेख इंग्रजी विभागाला न देता मराठी विभागालाच दिला, कारण ज्या प्रश्नावरून तो सुचला तो प्रश्नच मराठीचा होता. आणि त्या प्रश्नावर माझी दांडी गुल झाली होती.

गेल्या फेब्रुवारीत कॉलेजच्या प्रोजेक्ट स्पर्धेत आमच्या चौघांच्या ग्रुपला दुसरं बक्षीस मिळालं. प्रोजेक्टचं नाव ‘ऑटोमॅटिक सीड सोइंग मशीन’. चार चाकं, बारा व्होल्टची बॅटरी, दोन डीसी मोटर, एक सर्व्हो, एक आर्डुइनो, आणि वर अॅक्रिलिकचा चकचकीत डबा. मोबाईलवरून बटण दाबलं की गाडी पुढे जायची, थांबायची, खाली एक टोकदार नळी घुसवायची आणि भोकात एक बी सोडायची. खर्च आला अकरा हजार चारशे रुपये, म्हणजे प्रत्येकी दोन हजार आठशे पन्नास. डेमोसाठी आम्ही प्लायवूडचा ट्रे बनवला होता आणि त्यात चाळून घेतलेलं कोकोपीट भरलं होतं. काय सुंदर चालली गाडी! टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

बाहेरून आलेले परीक्षक बरेच वयस्कर होते. त्यांनी सर्किट पाहिलं, कोड पाहिला, मान डोलावली. मग शांतपणे विचारलं, “बेटा, हे तुमचं यंत्र जे काम करतं ना, त्याला शेतकरी काय म्हणतो?”

मी म्हटलं, “सर, डिब्लिंग.”

“ते पुस्तकात. शेतकरी काय म्हणतो?”

चौघेही गप्प! त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. रात्री मी आईला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, टोकणं म्हणतात त्याला. टोकणी. वाल नाही का टोकत? आजीला विचार.”

म्हणजे जे काम करणारं यंत्र आम्ही चार महिने बनवत होतो, त्या कामाचं नावच आम्हाला माहीत नव्हतं. मला ‘डिबर’ हा शब्द मात्र लहानपणापासून येत होता, कारण आमच्या शाळेच्या बागेत सिस्टरांकडे एक होता. मोडलेल्या फावड्याच्या मुठीला टोक काढून केलेला. त्याने मातीत भोक पाडायचं, रोप ठेवायचं, बाजूची माती दाबायची. तोच उद्योग माझी आजी पडघ्याच्या पुढच्या आमच्या गावात जन्मभर करत आली, पण तिथे मी कधी खाली वाकून बघितलंच नाही.

असो. खरी फजिती तर पुढेच आहे.

जूनच्या शेवटी, दोन चांगले पाऊस होऊन गेल्यावर, आम्हाला हुक्की आली की आपलं बक्षीसपात्र यंत्र खर्‍या मातीत चालवून बघू. हॉस्टेलच्या मागे, मेसच्या पाण्याच्या टाकीशेजारी माळीकाकांनी भेंडीसाठी वाफा केला होता. साधारण बारा फूट लांब, चार फूट रुंद. काकांना विचारलं, ते म्हणाले, “चालवा की.” गाडी वाफ्यावर ठेवली. पहिलं भोक पडलं, बी पडलं. दुसरं पडलं. तिसर्‍या भोकाला नळी ओल्या मातीने अशी गच्च बुजली की बी आतच अडकलं. चाकांना चिखलाच्या भाकर्‍या चिकटल्या. गाडी जागच्या जागी गरगरली आणि सर्व्होतून जळका वास यायला लागला. एकूण भोकं तीन, बिया दोन!

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी कमरेच्या फडक्यातून एक वस्तू काढली आणि वाफ्याच्या कडेला बसले. एक टोचा, दोन बिया, तळहाताने माती सारखी. एक टोचा, दोन बिया. फूटभर अंतरावर चार ओळी, एका ओळीत बारा. अठ्ठेचाळीस भोकं त्यांनी दहा मिनिटांच्या आत संपवली, आणि तेवढ्यात आमच्याशी गप्पाही मारल्या.

ती वस्तू म्हणजे काय होती माहीत आहे? अर्धा धोटा!

आपण भिवंडीत राहतो, रात्री यंत्रमागांची खडखड ऐकत झोपतो, तरी आपल्यापैकी कितीजणांनी धोटा हातात घेतलाय? माग चालताना उभ्या धाग्यांच्या मधून जो लाकडी होडीसारखा तुकडा इकडून तिकडे धावतो तो धोटा. पोटात सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना पोलादी टोप्या. साध्या मागावर तो मिनिटाला शंभराहून जास्त फेर्‍या मारतो आणि दरवेळी दुसर्‍या बाजूला जाऊन आपटतो. त्यामुळे लाकूड कठीण लागतं, निमुळतं लागतं आणि गुळगुळीत लागतं. एक जरी कूस उठली तरी धागा तुटेल. असा धोटा मध्येच चिरला की तो भंगारात जातो. काकांनी त्यातलाच एक आणून मधोमध कापला होता. एका बाजूला पोलादी टोक, दुसर्‍या बाजूला मूठ. त्यावर टोकापासून एक इंच आणि तीन इंच अशा दोन खुणा करवतीने केलेल्या. पहिली खूण बियांसाठी, दुसरी रोपांसाठी.

मी तो हातात घेऊन पाहिला आणि मला आमच्या अकरा हजार चारशे रुपयांची अक्षरशः लाज वाटली.

आता काहीजण म्हणतील, झालं, आता ही ‘जुनं ते सोनं’चं भाषण देणार. नाही. माझा मुद्दा तो नाहीच. मला म्हणायचंय ते असं, की काकांच्या हातातली ती खुंटी म्हणजे इंजिनिअरिंग होतं आणि आमच्या गाडीत मात्र इंजिनिअरिंग कमी पडलं होतं. आम्ही मोटरचा टॉर्क काढला होता, पण मातीचा विचारच केला नव्हता.

जरा हिशोब करून बघू. समजा २५ मिलिमीटर व्यासाची खुंटी आहे. तिचं क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस मिलिमीटर. माती ओली आणि भुसभुशीत असेल, तिचा विरोध ०.३ मेगापास्कल धरला, तर बळ लागेल सुमारे १४७ न्यूटन, म्हणजे १५ किलोचं वजन ठेवल्याइतकं. मनगटाने जमेल. तीच माती सुकून विरोध १ मेगापास्कलवर गेला की ५० किलो, म्हणजे तांदळाचं अख्खं पोतं! २ मेगापास्कलला मुळांनाही आत शिरणं जड जातं, आणि आपल्याला तर १०० किलोचा भार द्यावा लागेल. म्हणजे टोकणी कधी करायची हे पंचांगापेक्षा मातीतली ओल ठरवते. काका म्हणाले होते, “काल केलं असतं तर चिखल, परवा केलं तर दगड. आज बरोबर आहे.” हे वाक्य आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या साठ पानांत कुठेही नव्हतं.

दुसरी गोष्ट टोकाची. आम्ही नळीचं टोक सुईसारखं केलं होतं, आत शिरावं म्हणून. पण रोप लावायचं असेल तर फार अणकुचीदार टोक वाईट. भोकाचा तळ इतका अरुंद होतो की रोपाची मुळं तिथपर्यंत पोचत नाहीत, खाली हवेची पोकळी राहते आणि मुळं सुकतात. म्हणून रोपासाठी टोक थोडं बोथट हवं. तिसरी गोष्ट भिंतीची. आपल्याकडची माती चिकट. ती फार ओली असताना गुळगुळीत खुंटी फिरवून काढली की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात, कुंभाराच्या मडक्यासारख्या, आणि कोवळ्या मुळांना त्या भेदता येत नाहीत. काका खुंटी बाहेर काढताना किंचित तिरकी करून एक बाजू मोकळी करतात. मला आधी वाटलं, सवय असेल. पण ती सवय म्हणजे डिझाईन आहे! चौथी गोष्ट खोली. बी साधारण स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावं असा ठोकताळा आहे. म्हणून तर त्या करवतीच्या खुणा.

म्हणजे एका वीतभर लाकडात स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, सॉइल मेकॅनिक्स, एर्गोनॉमिक्स आणि मेट्रॉलॉजी असे चार विषय. केटी लागलेल्यांनी नोंद घ्यावी!

या कामाला नावंही किती आहेत. आपल्या ठाणे-रायगडकडे वाल टोकतात. विदर्भात कपाशीची सरकी टोबतात. आजी हत्याराला नुसतं ‘खुटी’ म्हणते. देशावर ओळीने पेरायला पाभर आणि तिफण आहे. तिच्या चाड्यात मुठीने बी सोडत गेलं की ते नळ्यांतून फणांच्या मागे पडतं. इंग्रजी पुस्तकात आपण वाचतो की जेथ्रो टलने १७०१ साली सीड ड्रिल बनवलं. वाचून आपल्याला वाटतं तिथूनच सगळं सुरू झालं. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १६०१ मध्ये, एडवर्ड मॅक्सी नावाच्या इंग्रजाने गहू फेकून पेरण्याऐवजी एकेक दाणा टोकून लावावा म्हणून पुस्तिका लिहिली होती. गंमत म्हणजे ती संवादाच्या रूपात आहे, एक नांगर धरणारा आणि एक विद्वान यांचा संवाद. चारशे वर्षांनी आपल्या कॉलेजमध्ये तो संवाद कुठे होतो, सांगा बरं? आपल्याकडे दोघं एकाच आवारात असतात, एक वर्गात आणि एक टाकीशेजारी.

आता खरा प्रश्न. एवढ्याशा खुंटीसाठी एवढा लेख कशाला?

कारण ही खुंटी कोण वापरतं ते पाहा. पावसाळ्यात आपल्या भिवंडी तालुक्यातून पडघ्याकडे किंवा वज्रेश्वरीकडे जा. गोदामांच्या मधून जिथे भाताची खाचरं उरलीयत तिथे आवणी चालू असते. ओळीत वाकलेल्या जवळजवळ सगळ्या बायका. नांगरटीला पॉवर टिलर आला, झोडणीला मशीन आलं, फवारणीला पंप आला. पण जिथे वाकून एकेक रोप किंवा बी जमिनीत ठेवायचं असतं, तिथे कितीतरी ठिकाणी अजून बाईची कंबर हेच यंत्र आहे. माझी आजी आता चालते तेव्हा तिची पाठ जमिनीला समांतर असते. अतिशयोक्ती नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्या आज्या अशाच असतात.

वाकण्याचा हिशोबही करून बघा. २५ सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एका चौरस मीटरमध्ये १६ जागा. एकरात साधारण चार हजार चौरस मीटर, म्हणजे ६४ हजार जागा. वाफ्यांमधल्या सर्‍यांसाठी पाव भाग सोडला तरी ४८ हजार. अठ्ठेचाळीस हजार वेळा हात जमिनीपर्यंत! एकाच एकरात!

आणि यावर विचार करणारी माणसं आपल्या जवळच आहेत, हे मला या फजितीनंतर वाचायला लागल्यावर कळलं. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की नेरळ येतं. तिथल्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे कॅलिफोर्नियात शिकून परत येऊन शेती करणारे गृहस्थ. त्यांनी भाताची ‘एसआरटी’ म्हणजे सगुणा राईस टेक्निक ही पद्धत विकसित केली. तिच्यात चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, पुढच्या हंगामात नांगरायचं नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. आणि बी कसं लावायचं? तर एक लोखंडी साचा. चौकटीला खाली २५-२५ सेंटिमीटरवर खुंट्या वेल्ड केलेल्या. साचा वाफ्यावर ठेवून दाबला की एकदम सगळी भोकं, तीही नेमक्या अंतरावर. मग भोकात तीन-चार दाणे टाकायचे आणि माती सारायची. मी मामाच्या गावात असा साचा प्रत्यक्ष पाहिला. ना मोटर, ना बॅटरी. गावातल्या वेल्डरने बनवलेला. काकांचा अर्धा धोटाच, फक्त एकाच वेळी अनेक.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. नांगरट नाही म्हणून तणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, आणि तो आक्षेप मला पटतो. पण तो तणनाशकाचा प्रश्न आहे, खुंटीचा नाही. उलट दोन ओळींतलं तण उभ्याने काढता येईल असं हलकं हत्यार बनवा, हाच आपल्यासाठी पुढचा प्रोजेक्ट नाही का?

त्याच्याही आधी कोकणात डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती आली. त्यातलं एक सूत्र नियंत्रित लावणीचं. साधन काय, तर एक नायलॉनची दोरी, जिच्यावर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आलटून पालटून खुणा! त्या खुणांवर चूड लावायचे आणि जवळजवळच्या चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी हाताने खोचायची. गोळी अशी खोचल्यामुळे खत नेमकं मुळांपाशी जातं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. दोरीला आपण प्रोजेक्ट म्हणू का? आपल्या स्पर्धेत तिला टेबलसुद्धा मिळणार नाही.

बाहेरच्या देशांतही हेच दिसतं. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात जंगलात रोपं लावण्यासाठी ‘पोट्टीपुट्की’ नावाची नळी निघाली. उभ्याने नळीची चोच जमिनीत खुपसायची, वरून रोप सोडायचं, पायाने पट्टी दाबली की चोच उघडते आणि रोप भोकात बसतं. वाकणं नाहीच. ब्राझीलमध्ये ‘मात्राका’ म्हणून दोन दांड्यांचं टोकणयंत्र लहान शेतकरी वापरतात. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत बिल रॉन या प्राध्यापकाच्या गटाने मक्याचं एका टोच्याला एकच दाणा सोडणारं हातयंत्र तयार केलं, गरीब देशांतल्या डोंगरउतारावरच्या शेतकर्‍यांसाठी, जे अजून काठीने टोकणी करतात. तिथल्या प्राध्यापकाला काठीवर काम करताना कमीपणा वाटला नाही, आणि आपल्याला वाटतो!

हे सगळं मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा माझा एक ग्रुपमेट वैतागला. म्हणाला, “आपण चार वर्षं फी भरतो ती काठ्या तासायला? कॅम्पसला येणारी कंपनी काय विचारणार, खुंटी बनवता येते का?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नोकरी हवी असेल तर आर्डुइनो यायलाच हवा. मी सुद्धा शिकतेय. शिवाय तो असंही म्हणाला की मजूरच मिळत नाहीत, शेतंच उरली नाहीत, पाच वर्षांत सगळीकडे गोदामं होतील, मग खुंटी कोणासाठी?

पहिल्या मुद्द्यावर माझं उत्तर असं, की कंपनी खुंटी विचारणार नाही, पण ‘वापरणार्‍याला काय हवं ते तुम्ही कसं शोधलंत?’ हे नक्की विचारेल. त्याचं उत्तर कोकोपीटच्या ट्रेमधून येत नाही. दुसर्‍या मुद्द्यावर माझं म्हणणं, की मजूर मिळत नाहीत ते याच वाकण्याला कंटाळून. जिची कंबर आजीसारखी व्हायला नको असं प्रत्येक आईला वाटतं, ती मुलगी शेतात कशी राहील? काम सुसह्य झालं तर निदान ज्यांना शेती करायचीय त्यांना ती करता येईल. जमीन विकण्याची कारणं पुष्कळ असतात, मोठी असतात, खुंटीने ती सुटणार नाहीत, हे मलाही कळतं. पण ‘होत नाही’ हे त्यातलं एक कारण मी घरात ऐकलेलं आहे.

आता माझी सूचना. ती सर-मॅडमनीही वाचावी म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फर्स्ट इयरला आपण सगळेच वर्कशॉपमध्ये जॉब करतो. सुतारकामात हाफ-लॅप जॉइंट, फिटिंगमध्ये ते नर-मादीचे चौकोनी तुकडे, लोहारकामात गोल सळईची चौकोनी. आठवतंय? हाताला फोड आले होते. त्या जॉबचं पुढे काय होतं? मार्क मिळाले की ते कोपर्‍यातल्या पेटीत जातात. आणि काही ‘हुशार’ मंडळी सिनिअरचा जुना जॉब घेऊन त्याला पॉलिश पेपर मारून पुन्हा सबमिट करतात. (नावं सांगत नाही, घाबरू नका!) कारण उघड आहे. ज्या वस्तूचा कुणालाच उपयोग नाही ती खरी बनवली काय आणि ढापली काय.

त्याऐवजी प्रत्येकाने एक टोकणीची खुंटी बनवावी. लाकूडकामात दांडा आणि आडवी मूठ, तिच्यात जॉइंट आलाच. लोहारकामात सळई तापवून टोक काढणं. फिटिंगमध्ये टोपी नीट बसवणं, फाइलिंग, ड्रिलिंग, रिव्हेट. दुसर्‍या वर्षी लेथवर टेपर टर्निंग. ३२ मिलिमीटरवरून १० मिलिमीटरवर १२० मिलिमीटर लांबीत उतरायचं असेल तर अर्धा कोन सव्वापाच अंशांच्या आसपास येतो, कंपाउंड रेस्ट तेवढा फिरवा. स्लिप गेज नाही, पण खोलीच्या खुणा अचूक आल्याच पाहिजेत. शिकायचं ते सगळं यात आहे. फरक एवढाच की शेवटी जॉब पेटीत न जाता कुणाच्या तरी हातात जाईल. मार्कांपैकी थोडे मार्क वापरणार्‍याने द्यावेत. माळीकाकांनी एक वाफा लावून बघावा आणि सांगावं, चालतो का नाही. एनएसएसचं शिबिर ज्या गावात जाईल तिथे उरलेल्या खुंट्या वाटाव्यात आणि पुढच्या वर्षी जाऊन विचारावं, त्या वापरल्या का चुलीत घातल्या. चुलीत घातल्या असतील तर तेही उत्तरच आहे.

हे मी नुसतं बोलत नाहीये. दिवाळीच्या सुट्टीआधी मी एक बनवली. काकांनी दुसरा अर्धा धोटा दिला (एकाचे दोन झाले होते ना!). तो एका जुन्या फावड्याच्या दांड्याला बसवला, वर आडवी मूठ, म्हणजे उभ्यानेच दाबता येईल. दांड्याला लागून अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाईप क्लॅम्पने बांधला, वरून बी सोडलं की थेट भोकापाशी पडेल. पाईप आणि क्लॅम्प मिळून एकशे साठ रुपये.

गावी नेली. भात कापून झालं होतं, जमिनीत ओल होती, वाल टोकायचे दिवस. आजीने खुंटी उलटसुलट करून पाहिली. मी विचारलं, “आजी, याला काय म्हणायचं?” तर म्हणते, “अगो, यवरी शिकलीस, नि खुटीला काय बोलतात तं ठाव नाय?” पहिलाच वालाचा दाणा पाईपमध्ये अडकला! वाल केवढा असतो ते मी मोजलंच नव्हतं. पुन्हा तीच चूक. माती नाही तर बी विसरले. आजी पोट धरून हसली. दुसर्‍या दिवशी पडघ्याला जाऊन एक इंचाचा पाईप आणला. मूठ जाड होतीये म्हणाली, ती तासून बारीक केली. दांडा तिच्या उंचीला जास्त होता, चार बोटं कापला. तिसर्‍या दिवशी सकाळी तिने दोन तास वाल टोकले, चालत चालत, जेवढी तिची पाठ सरळ होऊ शकते तेवढ्या सरळ पाठीने. दुपारी ‘कमरेला तेल लाव गो’ अशी हाक आली नाही. मी वाट बघत होते.

शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन बघून गेल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, अशी आणखी एक मिळेल का. मला स्पर्धेतल्या टाळ्यांपेक्षा हे जास्त आवडलं, खरं सांगते.

निघताना मी म्हटलं, आजी, खुंटी दे, फेब्रुवारीच्या स्पर्धेत मांडायचीय. तिने ती आधीच माळ्यावर टाकली होती. म्हणाली, तुला काय, तू दुसरी बनव.

तर मंडळी, वर्कशॉपमध्ये मला दुसरी बनवायचीय, काकूंसाठी तिसरी. धोटे माळीकाका आणून देणार आहेत. कुणाला हात लावायचा असेल तर शनिवारी दुपारी या. येताना एकच करा. ज्याच्यासाठी बनवायचीय त्याची उंची आणि बी मोजून आणा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
(मुलींचे वसतिगृह)